हर्णैचा उकळता समुद्र

मासळीचा लिलाव नुकताच आटोपला होता. बंदरावरच्या फलकावर वादळाची रेषा अजून पिवळीच होती. साधे वादळ, उद्या आणखी क्षीण होणार.

वर निरीक्षण कक्षात कुंदा चोगलेची नजर मात्र एका आकड्यावरून हलेना. हल्ली प्रत्येक नौकेच्या दोराला एक बुडकी बांधलेली असे. नारळाएवढे हे यंत्र खोल पाण्याचे तापमान कळवी. उपग्रहाला समुद्राची फक्त कातडी दिसते. वादळ खालचे पाणी घुसळून वर आणते. ते थंड निघाले तर वादळ मंदावते, गरमच निघाले तर चवताळते. खोल समुद्रात मासेमारीला गेलेल्या हसुराम तांडेलची बुडकी ऐंशी मीटरवर एकोणतीस अंश दाखवत होती. तिथे चोवीसच्या आसपास असायला हवे होते.

हवामान खात्याच्या मुख्य केंद्रातल्या यंत्रणेने तो आकडा आपोआप गाळला होता. गेल्या वर्षी हर्णैकरांनी बोंबलांबरोबर बुडक्याही उन्हात वाळत घातल्या आणि नकाशावर इथला समुद्र पंचेचाळीस अंशांना पोचला; किनाऱ्यावरच्या सगळ्या बंदरांत हसे झाले. तेव्हापासून हर्णैचा गरम आकडा उन्हातलाच, असे यंत्रणा शिकून बसली होती.

कुंदाने हसुरामला बुडकी वर काढून पुन्हा सोडायला लावली. आकडा उन्हात चढला, पाण्यात तीसवर आला आणि दोर संपेपर्यंत जेमतेम एका अंशाने उतरला. म्हणजे बुडकी पाण्यातच होती आणि खालचे पाणी खरेच गरम होते.

तिने मुख्य केंद्राला फोन लावला. संचालक तिरोडकर शांतपणे म्हणाले की एका बुडकीवरून इशारा बदलत नाही, त्यातून हर्णैच्या तर नाहीच. परस्पर भोंगा वाजवलात तर नोकरी विसरा.

तिने भोंगा वाजवला. मग वायरलेसवर सांगितले की केंद्र नाही म्हणते आहे, हे माझे एकटीचे म्हणणे. पण जाळी ओढा आणि परत या.

“बाय, पावसाळ्याची मासेमारी बंदी यायला आठवडा राहिला,” हसुराम म्हणाला. “जाळी आत्ता कुठे भरायला लागलीत. तुझं चुकलं तर?”

“तर उद्या मला शिव्या घालायला सगळे घरी असाल.”

तो हसला. मग इंजिनाचा आवाज आला.

फोन वाजत होता. तिने उचलला नाही. हर्णैच्या नौका एकेक करून वळू लागल्या. दक्षिणेच्या बंदरांतल्या नौकांपर्यंत तिचा आवाज पोचत नव्हता. त्यांना हसुरामच वाटेत निरोप देत होता. तिकडून कुणीतरी खिदळत विचारले, “हर्णैवाले ना तुम्ही? समुद्र उकळतोय का अजून?”

“उकळतोय,” हसुराम म्हणाला. “या वेळी खरंच. फिरता का मागं?”