घड्याळ दाबायचं राहिलं

बुद्धिबळ हा संयमाचा, साधनेचा आणि आत्मशोधाचा खेळ आहे, असं प्रमुख पाहुण्यांनी उद्घाटनात सांगितलं. मग मानाची पहिली खेळी म्हणून त्यांनी घोडा तिरका सरकवला. पंचांनी टाळ्या वाजवल्या आणि घोडा हळूच परत ठेवला.

शेवटच्या फेरीला कवळीवाली आपल्या पटापाशी आली, तर तिच्या खुर्चीत कुणीतरी बसलेलं. मावशीच्या दवाखान्यात ती कवळ्या बनवायची, म्हणून स्पर्धेत तिला हेच नाव.

"ही माझी जागा. तुम्ही पांढरे."

"अरेच्चा!" तो उठला. लिफ्ट दुरुस्त करणारा, बाहीवर ग्रीस. "हवे तर तुम्ही घ्या पांढरे."

"काळेच बरे. डाग दिसत नाहीत."

त्यानं बाही दुमडली आणि हसला. हसणं वाईट नव्हतं — ही तिची पहिली अडचण.

दुसरी मागच्या रांगेत बसली होती. "आज जिंकलीस तर संघात," मावशीनं बजावलं होतं. "नाहीतर पट माळ्यावर, आणि तू दिवसभर दवाखान्यात!"

तिनं नेहमीचा फ्रेंच बचाव मांडला. त्यात काळ्याचा एक उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकून बसतो, बाहेर पडायचा मुहूर्त शोधत… तिला तो फार जवळचा वाटायचा.

डाव रंगला. लिफ्टवाल्याकडे मोजकीच मिनिटं उरली. त्यानं हत्ती सरकवला, मान वर केली, तिच्याकडे पाहिलं… आणि पाहतच राहिला. घड्याळाचं बटण दाबायचं राहिलं! खेळी करूनही वेळ त्याचीच पळत होती. ते त्याला सांगायचं बंधन तिच्यावर नव्हतं. नुसतं गप्प बसलं की डाव खिशात. मावशीनं मागून ओठांवर बोट ठेवलं.

कवळीवालीनं थोडा वेळ मन घट्ट केलं. मग नजरेनंच घड्याळ दाखवलं.

तो दचकला, बटणावर हात आपटला, कानापर्यंत लाल झाला. मावशीनं कपाळ बडवलं.

आता मात्र खरंच जिंकणं भाग होतं. उंट एकदाचा बाहेर आला आणि असा काही रोखून बसला, की पांढऱ्या राजाला पळायला घर उरेना.

"सोडला डाव." त्यानं हात पुढे केला. तिनं तो घेतला. बराच वेळ गेला.

"डाव सोडलात… आता हातही सोडा."

डाव संपला की दोघांनी तो पुन्हा मांडून पाहायचा, ही खेळाडूंची रीत. शिपाई खुर्च्या उचलू लागला तरी यांचं चालूच.

"घड्याळ दाखवलं नसतंत, तर मघाशीच जिंकला असतात."

"हो. आणि तुम्ही मघाशीच घरी गेला असतात…"

त्याच्या हातातलं प्यादं हातातच राहिलं.

"उद्या… दवाखान्यात येऊ?"

"तुमचे दात चांगले आहेत."

"लिफ्ट बघायला?"

"तळमजला आहे."

"मग नुसताच येतो."

"या."

वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं. त्या डावात लिफ्टवाल्याच्या रेटिंगचे चौदा गुण गेले, ते अजून परत आलेले नाहीत.