तळ्यात टोचलेली टाचणी

तळ्याकाठच्या खांबावर तारवाला चढला होता आणि खालून चष्मेवाली डबा घेऊन चालली होती. त्याच्या हातून वायरचं वेटोळं सुटलं, ते थेट तिच्या छत्रीवर. छत्रीने जागच्या जागी प्राण सोडला.

"लागलं का हो?" तो वरूनच ओरडला.

"छत्रीला लागलंय. तिलाच विचारा."

भुरभुर पाऊस पडत होता. तो इतक्या घाईने उतरला, की आधी जमिनीवर कोण टेकलं, तो की शिडी, यावरून तिथला राखणदार आजही पैजा लावतो.

"भरून देतो हो छत्री... नवी आणतो," तारवाला म्हणाला. तो इंटरनेट कंपनीत कामाला होता आणि राखणदाराच्या खोपटात जोडणी द्यायला आला होता. पुढे आणखी काही गोड बोलायचा त्याचा विचार होता. पण त्याची नजर पाण्याकडे गेली. एका होडीतून दोघेजण दोराला बांधलेला गळ तळाशी ओढत होते आणि काठावर एक म्हातारा पाण्यावरून डोळे न काढता बसला होता.

"काय पडलंय पाण्यात?"

"माझा भाऊ," ती म्हणाली.

त्याच्या ओठावर निघालेलं हसू अर्ध्या वाटेवरून माघारी गेलं.

तो म्हातारा म्हणजे तिचे बाबा. दादा त्यांच्याशी कडाक्याचं भांडून घर सोडून गेला होता. मग एकच मेल आली: "मी बरा आहे. शोधू नका." चष्मेवालीने डोकं चालवलं. मेलच्या पोटात, ती जिथून निघाली त्या इंटरनेट जोडणीचा आकड्यांचा पत्ता होता. तो तिने एका वेबसाइटवर टाकला. नकाशा उघडला, झोकात लाल टाचणी पडली... तळ्याच्या मधोमध. तिने तो नकाशा बाबांना दाखवला. बाबांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मेल पाठवली आणि मग...?" त्या दिवसापासून त्यांनी काठ सोडला नव्हता.

गळाला रोज काहीतरी लागायचं. टायर निघाले, खुर्च्या निघाल्या, एक सायकल निघाली आणि तिची घंटी अजून वाजत होती म्हणे! तळ्याने आजवर गिळलेलं सगळं परत केलं. एक मुलगा तेवढा देईना.

"मीच दाखवलं त्यांना," ती म्हणाली. "माझ्याच हाताने."

तारवाला तिला खोपटात घेऊन गेला. तिथे त्याने लॅपटॉप उघडला.

"आमच्यात एक रीत आहे. कुणालाही नवी गोष्ट विचारायच्या आधी, जिचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे ती विचारायची. बोला, तुम्ही कुठली साइट वापरलीत?"

तिने सांगितली. त्याने तिथे स्वतःच्या ऑफिसच्या जोडणीचा आकड्यांचा पत्ता टाकला. टाचणी पडली... तळ्यात. तिथेच.

"बघा. आमचं ऑफिस बुडालं," तो म्हणाला. "मी सकाळी तिथेच चहा पिऊन आलो."

ती हसली नाही. "म्हणजे?"

"म्हणजे या साइटला नेमकं ठाऊक नसलं, की ती शहराच्या मध्यावर टाचणी टोचून मोकळी होते. आपल्या शहराचा मध्य पाण्यात आहे, त्याला ती तरी काय करणार?"

"आणि माणूस?"

"माणूस असल्या कुठल्याच साइटला दिसत नाही. हा पत्ता कुणाच्या मालकीचा, एवढंच विचारायचं असतं. तेही भरवशाच्या साइटला." त्याने दुसरी साइट तपासली. त्या साइटने त्याच्या कंपनीचं जुनं नाव सांगितलं. "ही शिळी. कधीतरी नोंदी उतरवून घेतल्या आणि झोपली." तिसरी दिसायला अगदीच रडकी होती, ना नकाशा, ना रंग. पण ती दर वेळी हे पत्ते वाटून देणाऱ्या मूळ नोंदणीलाच विचारत होती आणि नोंद कधी बदलली तेही सांगत होती. या साइटने कंपनीचं नवं नाव बरोबर सांगितलं.

"आता टाका तुमचा," तो म्हणाला.

तो पत्ता पूर्वी याच शहरातल्या एका कंपनीचा होता. त्या कंपनीने तो कधीच विकला होता, पहिल्या साइटला त्याचा पत्ताच नव्हता. आताच्या मालकाचं नाव खाली होतं. दूरच्या शहरातलं एक मोठं हॉस्पिटल.

"तिथं कामाला लागला असेल," ती म्हणाली.

"असेलही," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

नोंदीतल्या नंबरवर फोन लावला. पेशंटची नावं सांगत नाही, म्हणाले. मग पलीकडचा आवाज जरा घुटमळला आणि हळूच म्हणाला, "भेटायची वेळ मात्र संध्याकाळची असते."

तारवाल्याने गाडी काढली. बाबांना काठावरून उठवायला दोघं लागली.

दादा होता. उरलेला होता, असं म्हणा. दोन्ही किडन्या गेलेल्या, चेहरा सुजलेला. बाबांना बघून म्हणाला, "शोधू नका म्हटलं होतं ना?"

"तुझं कधी ऐकलंय का मी?" बाबा म्हणाले आणि त्याचा हात धरून बसले, ते शेवटपर्यंत.

डॉक्टरांनी चष्मेवालीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. ती व्हरांड्यात आली. तोवर नातेवाईक येऊन पोचले होते. आत्या म्हणाली, होईल गं बरा. मामा म्हणाले, देव आहे. खिडकीशी तारवाला उभा होता, दोन कप चहा घेऊन; डॉक्टरांचं बोलणं त्याच्याही कानावर गेलं होतं.

"दादा वाचेल का?" तिने विचारलं.

त्याने कप खाली ठेवले. "नाही," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण आज तो तुमच्याशी बोलेल. आत जा."

ती आत गेली. त्या दिवशी दादा खूप बोलला. पुढच्या आठवड्यात गेला.

बऱ्याच दिवसांनी तारवाला तिच्या चष्म्याच्या दुकानात आला. बाहेर पाऊस, हातात नवीकोरी छत्री.

"तुमचं देणं होतं."

"डोळे तपासून घ्या आता आलाच आहात तर. खालची ओळ वाचा."

"वाचता येत नाहीये."

"खोटं बोलायचं तरी. सगळे बोलतात."

"तुमच्याशी नाही जमत."

तिने दुकानाचं शटर ओढलं. छत्री एकच होती, म्हणून दोघंही तिच्याखाली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "उत्तर मला ठाऊक आहे."

"मग कशाला विचारता?"

"रीत आहे ना तुमच्यात. माझ्यावर जीव आहे का तुझा?"

तो थांबला.

"आहे."

"कधीपासून?"

"छत्री मेली तेव्हापासून."

"नोंद जुनी आहे मग. शिळी असेल."

"आज सकाळीच ताजी केलीय."

ती हसली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि हसता हसता रडली. चालत चालत दोघं तळ्याकाठी आली. तिथे बाबा बसले होते. होडी कधीच निघून गेली होती.

"बाबा, चला ना घरी. तो इथे नव्हता, माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये गं," बाबा पाण्याकडे बघत म्हणाले. "पण त्याची वाट मी इथेच बघितली. दुसरीकडे बघायला जमत नाही."

दोघं त्यांच्या दोन बाजूंना बसली. तारवाल्याने छत्री बाबांच्या डोक्यावर धरली, आणि ती दोघं भिजत राहिली.