एकावर ऐंशी शून्यं

एकच बाई, एकाच वेळी, एकाच झाडाखाली उभी आहे. एका पडद्यावर तिच्या डाव्या गालावर पांढरा डाग दिसतोय आणि शेजारच्या पडद्यावर तोच गाल कोरा आहे. असं होऊ शकतं का? नाही म्हणत असाल तर जरा थांबा. शलाकाही नाहीच म्हणाली असती, पण ते तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

ती बाई म्हणजे शलाकाची आई. खरी आई चंद्राच्या दक्षिण ध्रुवापाशी बर्फ शोधत होती आणि इकडे जालन्याला बाबा, सातवीतली शलाका आणि तीन वर्षांचा निषाद होते. चंद्रावरून येणाऱ्या संदेशांची वाट अरुंद. तीही बहुतेक संशोधनाच्या कामाला लागायची, घरच्यांसाठी उरायचा अगदी बारीक हिस्सा. त्यातून व्हिडिओ येणं शक्य नव्हतं. म्हणून चंद्रावरच्या तळावरची माणसं आपापल्या घरच्यांना ‘सप्तद्वीप’ नावाच्या ऑनलाइन खेळात भेटायची. या खेळात हजारो लोक एकदम असतात. प्रत्येक जण आपलं एक पात्र घडवतो आणि त्याच्या रूपाने त्या जगात वावरतो. शलाका तिथे नावाडी होती. घरी बरणीचं झाकण उघडायला बाबांना हाका मारणारी आई तिथे चक्क लोहार होती.

फक्त निषाद तिच्याकडे फिरकत नव्हता. आई चंद्रावर गेली तेव्हा तो जेमतेम दीड वर्षाचा होता. त्याची आई म्हणजे भिंतीवरचा फोटो, आणि फोटोतल्या आईच्या गालावर कोड होतं (कातडीला रंग देणाऱ्या पेशी काही जागी रंग बनवायचं थांबवतात, तिथे पांढरा डाग दिसतो, तो कुणाला लागत नाही आणि दुखतही नाही). सप्तद्वीपात कातडीचा रंग बदलता यायचा, पण सगळ्या अंगाचा मिळून. डागाची सोय नव्हती. त्यामुळे आवाज आईचा आणि बाई दुसरीच, अशी निषादची पंचाईत झाली. तो टॅब्लेट ढकलून द्यायचा. आई ते हसण्यावारी न्यायची, पण एकदा तिचा आवाज भरून आला आणि शलाकाने तो ऐकला. परत आल्यावरही यानं आईला ओळखलं नाही तर, ही भीती तेव्हापासून तिच्या मनात घर करून बसली.

आमची शलाका मोठी उद्योगी. तिने आपल्या टॅब्लेटमध्ये खेळाचं सामान कुठे साठवलंय ते हुडकलं, लोहारणीच्या कातडीचं चित्र उघडलं आणि फोटो समोर ठेवून गालावर डाग रंगवला. निषाद पडद्यासमोर मांडी घालून बसला, तो हलेना. पण दुसऱ्या दिवशी त्याने विभा आत्याच्या टॅब्लेटवर तीच लोहारीण पाहिली आणि भोकाड पसरलं.

विभा आत्या ही बाबांची धाकटी बहीण. चंद्राशी संपर्क ठेवणाऱ्या केंद्रात ती अभियंता होती आणि सुट्टीसाठी आली होती. तिने दोन्ही टॅब्लेट शेजारी शेजारी ठेवले, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

“चंद्रावरून इथे काय येतं, सांग बघू,” ती म्हणाली.

“आईचा चेहरा.”

“चेहरा येतच नाही. आजवर एकदाही आलेला नाही.”

शलाकाला वाटलं, आत्या थट्टा करतेय. मग आत्याने रांगोळीची गोष्ट काढली. दिवाळीत ती बीडच्या मैत्रिणीला फोनवर रांगोळी सांगते: पंधरा ते आठ ठिपके, मधल्या ठिपक्यापासून सुरुवात, पाकळ्या जांभळ्या. जालन्याहून बीडला रांगोळीचा एक कणही जात नाही. जातात फक्त ठिपके आणि खुणा. तिकडे मैत्रीण आपल्या डब्यातले रंग घेऊन हुबेहूब तीच रांगोळी काढते.

“आणि तिच्या डब्यात जांभळा नसला तर?” आत्याने विचारलं.

शलाकाने आपल्या टॅब्लेटकडे पाहिलं. “मी फक्त माझ्या डब्यात रंग टाकला,” ती हळूच म्हणाली.

तसंच होतं ते. पात्र घडवताना आपण स्लायडर (बोटाने मागेपुढे सरकवायची पट्टी) हलवतो. नाकाची उंची, डोळ्यांतलं अंतर, हनुवटीचं टोक, प्रत्येकाची एक पट्टी. पट्टी जिथे थांबते तो एक आकडा. हे आकडे सर्व्हरकडे (सगळ्या खेळाडूंची माहिती सांभाळणारा मधला संगणक) जातात आणि तिथून इतरांकडे. नाकं, डोळे, केस यांचे साचे प्रत्येकाच्या यंत्रात आधीच असतात. यंत्र आकडे वाचतं आणि चेहरा तिथल्या तिथे घडवतं. म्हणून एवढ्याशा वाटेने आई चंद्रावरून घरी येऊ शकत होती.

“चेहऱ्याच्या पट्ट्या किती आहेत?” आत्याने विचारलं. शलाकाने मोजल्या, चाळीस. प्रत्येकीवर शंभर खुणा. पहिली पट्टी शंभर नाकं देते. त्यातल्या प्रत्येक नाकाला शंभर प्रकारचे डोळे लावता येतात, म्हणजे झाले दहा हजार चेहरे. प्रत्येक नवी पट्टी आणखी दोन शून्यं वाढवते. चाळीस पट्ट्यांची झाली एकावर ऐंशी शून्यं. आपल्याला दिसू शकणाऱ्या सगळ्या विश्वात मिळून जेवढे अणू असावेत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, जवळपास तेवढेच हे चेहरे.

शलाकाच्या अंगावर काटा आला. तिने बोटाने एक पट्टी केसभर सरकवली. समोर कुणीतरी उभं राहिलं, जे याआधी कुणीच पाहिलेलं नसणार. ती कितीतरी वेळ तशीच बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

“एवढ्या सगळ्यांत आई नाही,” ती म्हणाली.

आत्याने कागद पुढे ओढला. “मग नव्या पट्ट्या लागतील,” ती म्हणाली. दोघींनी डागाचे आकडे ठरवले: जागा, आकार, कडांचा खडबडीतपणा, रंग. पण ते खेळ बनवणाऱ्यांना कळवण्याआधी आत्याने बजावलं, चेहरा आईचा आहे, तिला विचार.

शलाकाने विचारलं. लोहारणीने हातोडा खाली ठेवला.

“खोटं नाही बोलत, बाळा. या खेळात डाग नव्हता ते सुरुवातीला बरं वाटलं होतं. कुणी वळून बघत नव्हतं,” आई म्हणाली. “पण माझं पोरगंही बघेना गं. पाठव तू.”

खेळ बनवणाऱ्यांना कल्पना पटली, पण नवी आवृत्ती आली ती दसरा उलटल्यावर. नवे साचे प्रत्येक यंत्रात पोचायला हवे होते, चंद्रावरच्याही. त्या बारीक वाटेने ते कित्येक दिवस थोडेथोडे चढत राहिले. पण साचे एकदाच पोचवावे लागतात, पुढे आकडे पुरतात.

साचे पोचले त्या संध्याकाळी आत्या पुन्हा घरी आली होती आणि शलाकाने मुद्दाम तिचाच टॅब्लेट मागून घेतला. सप्तद्वीपाच्या बाजारात पाऊल टाकलं आणि ती बघतच राहिली. एका धनुर्धाऱ्याच्या कपाळावर लालसर जन्मखूण होती. एका जादूगारणीचे दोन्ही हात कोडाने ढगाळ झाले होते. तळ्याकाठी एक म्हातारा गालावरचा भाजल्याचा व्रण घेऊन गळ टाकून बसला होता. हे सगळे लोक इथेच होते, आजवर दुसऱ्या कातडीत. शलाकाला वाटलं, अजून किती पट्ट्या बनवायच्या राहिल्यात कोण जाणे, आणि त्या बनवायला आपण मोठं झालंच पाहिजे.

गर्दीतून लोहारीण आली. डाव्या गालावर डाग होता, कडा खडबडीत, अगदी फोटोसारखा. तो तिने स्वतः बसवला होता.

निषाद पुढे सरकला. त्याने काचेला नाक लावलं आणि कितीतरी वेळ पाहिलं.

“आई,” तो म्हणाला, “आता खाली ये.”

लोहारीण तशीच उभी राहिली. पृथ्वीवरचा शब्द चंद्रावर पोचायला आणि उत्तर परत यायला अडीच सेकंदांहून थोडं जास्तच लागतं, हे शलाकाला पाठ होतं. तरीही तिने श्वास रोखून धरला.

“येते रे राजा,” आई म्हणाली.