अख्खा बिल्ला

तुम्हाला सगळा संग्रह हवा आहे ना? न्या. पुस्तकं, फोटो, बिल्ले, कपाटासकट न्या. मला आता कंटाळा आला आहे. फक्त तो वरचा खण राहू द्या. का, ते सांगितल्याशिवाय तुम्ही काही उठणार नाही, तेव्हा चहा होईपर्यंत ऐका. किहीमला दिवे हे असे जातातच. मेणबत्ती जरा अलीकडे घ्या.

मुंबईत जर्मन शिकवायचे, तेव्हापासून मला हा नाद. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांची ओळखपत्रं, गळ्यातले नंबराचे बिल्ले मिळवायचे, वाचायचे, आणि त्या पोराचं पुढे काय झालं ते शोधायचं. बहुतेकांचं एकच झालेलं असतं. माझा नवरा, अजेय, चिडवायचा, "आज कोण गेलं तुझ्या माहेरचं?" इथे किहीमला आल्यावर एका संध्याकाळी माझ्याकडे नवीन आलेला बिल्ला त्याने हातात घेतला, उलटसुलट केला, टेबलावर ठेवला आणि किनाऱ्यावर फिरायला गेला. तो आलाच नाही. चपला सुरूच्या झाडाखाली नीट काढून ठेवलेल्या सापडल्या, त्या मी आणून दाराशी ठेवल्या. सात वर्षं झाली की कायद्याने माणूस मेला असं धरता येतं म्हणे. सात कधीच उलटली. मी अर्ज केला नाही, करवतच नाही.

गेल्या ऑक्टोबरात मुरुडच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला. जुलेखा नावाची बाई. आजेसासऱ्यांनी लढाईतून आणलेलं जर्मन पुस्तक घरात आहे, बघून जा म्हणाली. मी एसटीने गेले. उकाडा असा की जीव नकोसा व्हावा. खाडीकाठचं घर, अंगणात सुकत घातलेले बोंबील, मागे पडवी. जुलेखा पन्नाशीची असेल. तिने मला पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं आणि एक पत्र्याचा डबा पुढे ठेवला.

आत पगारपुस्तक होतं. जर्मन सैनिकाचं तेच ओळखपत्र. नाव एर्विन, मूळ धंदा बेकरीचा, पुढे उंची, बुटाचं माप, रक्तगट. फोटोत कान पुढे आलेला एक कोवळा पोरगा. असे शेकडो बघितलेत मी, तरी प्रत्येक वेळी थकायला होतं. पुस्तकाखाली फडक्यात बिल्ला होता. अख्खा.

तुम्हाला ठाऊक आहे, पण सांगते. लंबगोल पत्रा, मधोमध आडव्या फटी, वर आणि खाली तोच नंबर. सैनिक मेला की बिल्ला फटींवर मोडायचा. खालचा तुकडा कचेरीत जातो, मग घरी कळवतात. वरचा मढ्याच्या गळ्यात राहतो. बिल्ला अख्खा असला तर तो माणूस मेला असं कुणी कुणाला सांगितलेलं नसतं.

"माझे आजेसासरे मराठा पलटणीत व्हते, इटलीत," जुलेखा म्हणाली. "हा पोर त्येंच्या समोर मरत व्हता. गळ्यातला बिल्ला काढून त्यान हातात दिलान, आन् दोन्ही मुठी अशा केल्यान." तिने मुठी एकमेकींना लावून खाली वाकवल्या. "आज्यांना वाटला, आठवण म्हणून देतोय. घेऊन आले."

तो पोरगा मोड म्हणून सांगत होता. मोडला की मेल्याची खबर घरी जाते, हे मी तिला सांगितलं.

"ताई, आमच्या कबरस्तानात या घरच्या बायांच्याच कबरी हायत. आजे पहाटे नमाजाला गेले, मशिदीत पोचलेच न्हाय. सासरे बाजारात गेले ते तसेच. मग माझ्या पोराचे, हुझैफाचे अब्बा, मुश्ताक, होडी घेऊन गेले. होडी आली." तिने ओढणी सारखी केली. "जमातीची माणसा म्हणतात, मयत न्हाय तरी जनाज्याची गायबाना नमाज पढूया. मी न्हाय पढू दिली. मेले म्हणून कोणी सांगितलाय? पण आता हुझैफाला दुबईच्या टग बोटीवर काम लागलाय. शुक्रवारी निघतोय. माझा एकच पोर हाय, ताई."

बाहेर ऊन उतरत होतं. मागच्या पडवीत काहीतरी वाजलं... टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. वाळलेली काटकी वाकवावी आणि ती मोडू नये, तसा आवाज. ओल्या कपड्यांचा वास आला.

"कोण आहे मागे?" मी विचारलं.

"रोज मगरीबच्या आधी, दिस बुडताना येतात," ती हळू म्हणाली. "तिघं... आन् तो गोरा पोर. पाठमोरे उभे असतात. हात तसेच करतात. तुम्ही नका बघू."

मी बघितलं नाही. तेवढं धाडस माझ्यात नाही. पडवीच्या दाराचा पडदा मात्र दिसत होता, आणि त्यावर पडलेल्या सावलीत दोन मुठी खाली वाकत होत्या, वर येत होत्या. घाई नव्हती त्यांना. फार फार दमलेल्या माणसाने करावं तसं चाललं होतं.

"हा मोडा," जुलेखा म्हणाली. "माझ्या हातान व्हायचा न्हाय."

"मोडला तर मुश्ताकभाई..."

"कळतंय मना. मोडा."

आयुष्यात एक बिल्ला मी मोडलेला नव्हता. अंगठे लावले. पत्रा वाकला, उलटा वाकवला, पुन्हा वाकवला, आणि तुटला. पडवीतला आवाज थांबला. जुलेखाने वरचा तुकडा कबरस्तानाच्या कडेला पुरायला ठेवला. खालचा मी जर्मनीला पाठवायला घेतला आणि शेवटची एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. रडत नव्हती.

"खाडीत मिळाले, ताई. मुश्ताक. कालच बुडाल्यासारखे. जाताना मीच दाढीला मेंदी लावली व्हती, ती पण तशीच हाय, लालभडक." मग हळू म्हणाली, "मी म्हातारी झाली. ते न्हाय झाले." आणि शेवटी म्हणाली, "आता कबर हाय. हुझैफा जाईल तिथून परत येईल."

आलाही. ईदला येऊन गेला, मला खजूर देऊन गेला.

फोन ठेवला आणि मी हे कपाट उघडलं. अजेय गेला त्या संध्याकाळी हातात घेतलेला बिल्ला वरच्या खणात होता, तेल लावून कापसात गुंडाळलेला, तोही अख्खा. आणताना तो सपाट होता, मीच फोटो काढून ठेवलेत. आता फटींवर वाकलेला होता, थोडासाच. खणाची किल्ली माझ्या गळ्यात असते.

मला तो मोडवला नाही. जुलेखाला मुलगा होता, मला कोण आहे? अंगठ्यांनी दाबून मी तो सरळ केला आणि खण बंद केला. संध्याकाळी पाहिलं तर पुन्हा वाकला होता.

तेव्हापासून रोज सकाळी मी तो सरळ करते. अजेय दमलाय, मला कळतं. मीही दमलेय. पण चपला अजून दाराशी आहेत, एवढ्यात कसं सोडू त्याला? पत्रा असा रोज वाकवून सरळ केला की एक दिवस आपोआप तुटतो, हेही मला ठाऊक आहे. फटीच्या एका कडेला चीर पडली आहे.

बाकी सगळं न्या तुम्ही. चहा घ्या, गार होईल. आणि तो ओलसर वास तुमच्या कपड्यांचा नाही, उगाच झटकू नका. संध्याकाळचा येतो.