चंदेरी ठिगळ

"कोणत्या मिरवणुकीतली तू?"

क्यूबातल्या सांतियागोत जुलै महिन्यात, कार्निव्हलच्या दिवसांत, चंदेरी जाकीट घालून कुणी पायरीवर रडवेलं होऊन बसलं, तर हा प्रश्न यायचाच. ओडालिसने वर पाहिलं. दारात कार्निव्हलचे पोशाख शिवणारा रेनिएर उभा होता. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या.

"तलवारबाजीतली," ती म्हणाली. "दुपारी अंतिम सामना आहे आणि तपासणीत जाकीट नापास झालंय. घामाने बरगडीपाशी कापडातली तार झिजलीय. तिथे वार लागला तरी गुण दाखवणारा रंगीत दिवा लागत नाही. दुरुस्त झालं नाही, तर मी बाहेर."

"आण इकडे. राणीसारखी नटवतो."

त्याने झळझळीत ठिगळ लावलं. ओडालिसने पिशवीतला वीज तपासायचा मीटर काढून टेकवला. काटा ढिम्म.

"ही प्लास्टिकची जर. चमकते, पण वीज नेत नाही."

"म्हणजे माझ्यासारखीच... नुसती चमक."

ती हसली—आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

रेनिएरने ठिगळ उसवलं, जाकीट उलटं केलं. खालच्या काठाला रुंद मुडप होती. आतलं कापड तेच, घाम न लागलेलं, कोरं. त्याने तिथून पट्टी कापली, कडा चांगल्या कापडावर चढवून शिवली आणि जाकीट तिच्या अंगावर चढवून टाका चाचपला.

"श्वास सोड."

"तू जरा लांब हो... मग सोडते."

या वेळी काटा थेट टोकाला गेला.

सामन्यात ती एका गुणाने पुढे होती, विजयाला एकच वार बाकी. तेवढ्यात समोरच्या हवानाच्या मुलीच्या तलवारीचं टोक बरोबर ठिगळावर बसलं. रंगीत दिवा. बरोबरी. सांतियागोचं सगळं सभागृह गप्प झालं, एकटा रेनिएर टाळ्या वाजवत होता.

"अरे, कुणाच्या बाजूचा तू?" मागून कुणीतरी ओरडलं.

मुखवट्याच्या जाळीआड ओडालिसला हसू फुटलं. त्या हसण्यातच खांदे सैल झाले. इशारा होताच ती झेपावली—तिच्या बाजूचा दिवा लागला आणि सभागृह उसळलं.

ती घामाने निथळत थेट त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. "माझ्यावरच्या वाराला टाळ्या?"

"टाका माझा होता," तो ओठांच्या कोपऱ्यातून पुटपुटला. "आणि... जिंकणार तूच, हे ठाऊक होतं."

ओडालिसने त्याचा हात धरून ठिगळावर ठेवला. आत काळीज धडधडत होतं. तो वाकला.

"थांब," ती म्हणाली. "आधी ओठांतल्या त्या टाचण्या काढ."