ढेकणांसकट ब्लॉक

त्याचा चेहरा दिसायच्या आधी महिनाभर मला त्याचा आवाज पाठ होता.

साल एकोणसत्तर. मी, लता पाटील, जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. दर शनिवारी दुपारी धुळ्याहून भंवरलालजींच्या कापडदुकानात एक ट्रंक कॉल यायचा. भंवरलालजी एका नव्या तीन मजली सोसायटीचे सेक्रेटरी, आणि फोन करणारा तिथला आपला ब्लॉक विकायला निघालेला.

लाइन जोडली की ऑपरेटरनं कान काढून घ्यायचा, असा नियम आहे. पण त्या आवाजात काहीतरी होतं... आणि खरं सांगू? बोलणंही मजेशीर होतं.

"कोणी आलं होतं बघायला?"

"बोदवडची पार्टी आली होती साहेब. खोल्या पसंत, गॅलरी पसंत."

"ढेकणांचं सांगितलंत ना?"

"तुमच्या हट्टापायी सांगितलं. जिन्यावरून पळत गेले!"

"जाऊ द्या. फसवून नाही विकायचं मला."

असे चार शनिवार गेले. पाचव्या शनिवारी भंवरलालजी वैतागून म्हणाले, "आता भाव निम्म्यावर आलाय साहेब. याहून खाली गेलात तर फुकटच वाटा!"

निम्म्या भावात तो मलाही परवडला असता.

आबा गेल्यापासून आई धरणगावला मामाकडे राहत होती. लोटनमामा देवमाणूस. पण सहा वर्षं आई मामीला विचारून भाजीत मीठ घालत होती. मी वसतिगृहात. खोली शोधायला गेलं की घरमालक विचारणार, "घरात पुरुषमाणूस कोण?" जसं काही भाडं मिशीनं द्यायचं असतं! भाड्यानं मिळेना, म्हणून मला विकतचं घर हवं होतं. आईला तिच्या हातानं मीठ घालता येईल असं.

मी लाइनवर तोंड घातलं. "माफ करा... तो ब्लॉक मला बघायचाय."

धुळ्याहून तोच आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"ऑपरेटर."

"तुम्ही सगळं ऐकलंत?"

"फक्त ढेकणांपर्यंत."

आणि तो हसला. नोकरी जाईल एवढी मोठी चूक मी केली होती, पण दिवसभर आठवत राहिलं ते त्याचं हसणं.

रविवारी तो पहिल्या एस.टी.नं आला. अभिमन सोनवणे, पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर, बदली झाली म्हणून धुळ्याला. उंच, सावळा, बाहीवर शाईचा डाग. माझ्याबरोबर लोटनमामा. अभिमननं आम्हाला गॅलरी नाही दाखवली, आधी पलंग दाखवला.

"लिलावात घेतला होता. माझाच मूर्खपणा. याच्यातूनच घरभर झाले. डीडीटी मारून झालं, दाद देत नाहीत." त्यानं पलंगाच्या सांध्यात काडी घातली आणि एक टच्च फुगलेला ढेकूण बाहेर काढून मला दाखवला. "हे बघा. नंतर म्हणू नका."

मामा दाराकडे वळले. "चाल पोरी! पैसा दीसन ढेकूण लेस का कोनी?"

पण मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ओट्यावर सकाळचं ऊन आलं होतं. तिथे मला आई दिसत होती. खिडक्या बंद होत्या, आत घामाच्या धारा लागत होत्या, आणि मला एकदम असोद्याची आमची केळी पिकवायची खोली आठवली. आबा तिच्या सगळ्या फटी शेणमातीनं लिंपायचे, आत मडक्यात धुरी ठेवायचे. त्या खोलीत मी कधी माशीसुद्धा जिवंत पाहिली नव्हती.

"मला तीन रविवार द्या," मी म्हणाले. "या घराची मी भट्टी करते. केळ्यांना लागते त्याहून कडक."

"तीन कशाला?"

"पहिल्या खेपेला ढेकूण मरतील, अंडी राहतील. ती फुटली की पुन्हा भट्टी."

"ढेकणांचा बराच अभ्यास दिसतो तुमचा."

"वसतिगृहात राहते मी."

तो पुन्हा हसला. मामांना मात्र हसू येत नव्हतं. "ठीक शे. चौथ्या रविवारच्या आदल्या राती मी सवता आठे झोपसू. एक बी ढेकूण चावना, ते हाई घर नको. मंग मी सांगसू त्या घर मुकाट्यानं लगीन करानं. कबूल?"

"एक जरी चावला तरी तुम्ही म्हणाल त्या घरी लग्न. कबूल," मी म्हणाले. अभिमनला उगाचच ठसका लागला.

मे महिना. बाहेरच पंचेचाळीस डिग्री! पलंग गच्चीवर नेऊन त्याच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. खिडक्यांच्या फटींवर खळीनं वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. फरशीवर विटा, विटांवर निखाऱ्यांची घमेली. मग दार ओढून घ्यायचं, बाहेरून तेही लिंपायचं आणि दिवसभर जिन्यात बसायचं.

"विकणाऱ्यानं यायची काही गरज नाही," मी म्हटलं.

"अजून मालक मीच आहे," म्हणत तो माझ्या खालच्या पायरीवर बसला. मग वर बघून म्हणाला, "तुमच्या नाकाला खळ लागलीय. थांबा—" हात वर आला... अर्ध्यावर थांबला. "तुम्हीच पुसा."

मी पुसली. आणि अख्खा आठवडा त्या अर्ध्यावर थांबलेल्या हातावर चिडून होते.

दुसऱ्या रविवारी त्यानं टरबूज आणलं. आम्ही बिया जिन्याखाली उडवल्या. खालून भंवरलालजी ओरडले तेव्हा दोघंही शहाण्यासारखे बसलो. तिसऱ्या रविवारी संध्याकाळी तो तोंडाला ओला पंचा बांधून आत शिरला, श्वास रोखून खिडक्या उघडून आला. घामानं निथळत माझ्यासमोर उभा राहिला.

"लताबाई, एक सांगायचं होतं..."

"ढेकणांचं?"

"नाही."

"मग?"

त्यानं पंचा पिळला. पुन्हा पिळला. "आधी खरेदीखत होऊ द्या. आज बोललो तर तुम्हाला वाटेल, घर खपवायला गोड बोलतोय."

असा राग आला मला! आणि त्या रागातच कळलं, की मी या माणसात पुरती अडकलेय. आता मामांना एक जरी ढेकूण चावला असता, तर घर जाणार होतं, आईचा ओटा जाणार होता आणि हाही जाणार होता.

चौथ्या रविवारी सकाळी सात वाजता मी, धरणगावहून आलेली आई आणि अभिमन दाराबाहेर उभे. कडी वाजवली. पुन्हा वाजवली. आतून फक्त घोरणं ऐकू येत होतं...

आठ वाजता दार उघडलं. मामा डोळे चोळत, उघड्या अंगानं बाहेर आले. मी त्यांना गर्रकन फिरवलं आणि पाठ न्याहाळली. आईनं हात तपासले, अभिमननं मान. एक पुरळ नाही!

"काय बघी राहिनात?" मामा गरजले. "बठ्ठी रात झोपनू मी. एक बी नही चावना. ले पोरी, घर ले!"

मी नाचले. खरंच नाचले, जिन्यात, शेजाऱ्यांदेखत. आई मात्र सरळ आत गेली. ओट्यावरून तिनं हात फिरवला, फळी बघितली आणि म्हणाली, "लता, मीठ कुठे ठेवू गं?"

"तुला वाटेल तिथे, आई." आणि मग मी रडले.

खरेदीखत झालं, माझ्या नावावर. अभिमननं किल्ली माझ्या हातात ठेवली, "येतो" म्हणाला आणि धुळ्याला निघून गेला. बस, एवढंच! मी दात-ओठ खात शनिवारची वाट बघत राहिले.

शनिवारी दुपारी धुळे एक्स्चेंजच्या सुनंदाबाई लाइनवर आल्या. "जळगाव, पी.पी. कॉल आहे. अर्जंट. लता पाटील यांनाच द्यायचाय, दुसऱ्या कोणाला नाही."

मी हेडफोन कानावर घट्ट दाबला. "बोलतेय..."

"लताबाई, मी अभिमन. दोष आधी सांगतो. मी घोरतो, तुमच्या मामांइतका नाही. चहात तीन चमचे साखर लागते. जळगावला बदलीचा अर्ज केलाय, पण मंजूर कधी होईल ठाऊक नाही. लिलाव दिसला की पाय आपोआप वळतात. हे सगळं चालणार असेल तर... माझ्याशी लग्न कराल?"

"ढेकूण?"

"एकही नाही."

"मग माझंही ऐका. घर माझ्या नावावर आहे आणि माझ्याच नावावर राहील. आई माझ्याजवळ राहील. भाजीत मीठ तीच घालेल."

"माहीत आहे. म्हणून तर तुम्ही आवडलात."

खट्. लाइनवर सुनंदाबाई आल्या. "तीन मिनिटं झाली. कॉल वाढवायचा का?"

"वाढवा!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

"आणि सुनंदाबाई," मी म्हटलं, "कान काढा लाइनवरून!"

"आधी हो म्हण त्याला," त्या म्हणाल्या, "मग काढते."

मी हो म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की ट्रंक लाइनची गरजच नव्हती.