तोबियाच्या आख्यानाची वही

कुलूप तुटलं नव्हतं. सोन्याला हात लागला नव्हता. नाहीशी झाली होती ती फक्त एक दोनशे पानी वही.

“माझ्या मिस्टरांच्या अक्षरातली,” जसिंता परेरा म्हणाल्या. ऑफिसातल्या मदतनीस गौतमने दिलेला चहा त्यांच्या हातात तसाच निवत होता.

ॲलॉयशियस परेरा हे गिरगावातले ख्रिस्तकीर्तनकार. त्यांना जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. चर्चमधल्या मिस्सेनंतर वाडीच्या अंगणात त्यांचं शेवटचं आख्यान लावायचं ठरलं होतं. ते होतं तोबियाचं.

“काय आहे आख्यान?” खाजगी तपासनीस दर्शना खानोलकरने विचारलं.

“आंधळा बाप तोबित आपल्या मुलाला, तोबियाला, दूरदेशी धाडतो. आई रोज जाऊन रस्त्याकडे बघत बसते. मग मुलगा येतो, बापाच्या डोळ्यांना औषध लावतो, बापाला दिसायला लागतं. आमच्या बायबलात हे तोबिताचं पुस्तक आहे. माझा जेसन ज्या नव्या मंडळीत जातो, त्यांच्या बायबलात नाही. ते देवाच्या प्रेरणेनं लिहिलेलं नाही, म्हणतात. त्यावरनंच बापलेकांचं वाजलं. जेसन घर सोडून गेला. मयताला आला, मागे उभा राहिला, गेला.”

“आणि आख्यान?”

“तो गेल्यावरच लिहायला घेतलं यांनी. आई वाट बघते, तिथवर पद झालं आणि हे गेले. अर्धवट आहे, हे मी कुणालाच बोलले नाही. पुढचं मीच तोंडी सांगणार होते.” त्यांनी कप खाली ठेवला. “बाई, रविवारी तेवढं तरी त्यांचं ऐकायला मिळू दे मला.”

किल्ली कुंडीखाली असते, हे तिघांना ठाऊक होतं.

पहिली रोशेल, शेजारी राहणारी भाची. जुनी ख्रिस्ती पदं जमवणारी. “मी फोटो मागितले होते, वही नाही! बापाचे डोळे उघडतात ते पद हवं होतं मला. अंकलनी काय बहार केली असेल!”

दुसरा धोंडू, डिलाईल रोडच्या चाळीतला. गिरणीतून सुटला की ॲलॉयशियसच्या साथीला पेटीवर बसायचा. “वही माका दाखवल्यानच नाय, बाय. पण शेवटची चाल मी बसवन ठेवलंय. पोरगो घराक येता, पुढे कुत्रो धावता, थंयसर!” बोटं पत्र्याच्या टेबलावरच फिरली. मग डोळे पुसून म्हणाला, “चाल हा, गाणारो नाय.”

तिसरा जेसन, परळला ऑफिसखाली भेटला.

“मला काय करायचीय ती वही? पप्पा काहीतरी लिहितायत, एवढंच मम्मा फोनवर बोललेली.”

“तोबिताचं पुस्तक वाचलंयस?”

“आमच्यात नाहीच ते. आणि असली गोष्ट देव सांगेल? मुलगा निघून जातो, म्हातारी रस्त्याला डोळे लावून बसते, खलास. देव असं अर्धवट बोलतो का?”

बाहेर पडताच गौतम म्हणाला, “हाच! फाडून फेकली असणार.”

“निम्मं बरोबर,” दर्शना म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी सगळे जसिंताबाईंच्या खोलीत जमले.

“ज्यानं वही पाहिली, त्याला शेवट ठाऊक नसणार,” दर्शनाने सुरुवात केली.

“उलटं झालं ना हे?” गौतम पुटपुटला.

“नाही. पुस्तकात मुलगा परत येतो. वहीत येत नाही. रोशेल डोळे उघडण्याचं पद मागते. ते लिहिलंच गेलं नाही. धोंडूकाकांनी परतीची चाल बसवली. त्यांच्या हाती वही असती, तर बिनशब्दांची चाल कशाला बसवली असती? दोघांनी वही पाहिलेली नाही. गोष्ट आईच्या वाट बघण्यावर संपते असं एकच माणूस मानतो. ज्याच्या बायबलात ते पुस्तक नाही, आणि ज्यानं ती गोष्ट फक्त एकाच ठिकाणी वाचली.”

दर्शना जेसनकडे वळली.

“राग असता तर फाडली असतीस, जेसन. पण तुला ती गोष्ट टोचली. जी टोचते, ती माणूस फेकत नाही.”

जेसनने बॅगेतून वही काढली. पानांचे कोपरे मऊ झाले होते.

“तुम्ही सगळी चर्चला होता तेव्हा आलो. जाळायलाच नेली होती. मग रोज वाचायला लागलो. देवाचं वचन आहे का, मला आजही माहीत नाही, मम्मा. पण पप्पांनी त्या पोराला परत का नाही आणलं? एवढा राग?”

“आणणं त्यांच्या हातात होतं का रे?” जसिंताबाई म्हणाल्या. “रोज लिहायला बसायचे. पेन उघडायचे. जिन्यात पाऊल वाजलं की थांबायचे.”

जेसन खाली बसला. आईपुढे वही ठेवत त्याने विचारलं, “मग खरं काय होतं पुढे?”

त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

“येतो तो,” त्या म्हणाल्या. “उशीर होतो. बापाचे डोळे थकतात. पण येतो.”